ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात रायझन ९७००एक्सला कोणता मदरबोर्ड घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भावाने दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून रायझन ७ ९७००एक्स प्रोसेसर आणून दिला आहे. कॉम्प्युटर ठेवायचा तो ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घराच्या वरच्या खोलीत, छत दगडी पटियांचं. काम म्हणजे बाबांच्या गाण्याच्या वर्गाचं रेकॉर्डिंग आणि बैठकींचे तीन-तीन तासांचे व्हिडिओ एडिट करणं. ग्राफिक्स कार्ड वर्षभराने घेणार. दुकानदार म्हणतो ए६२० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची, पोर्ट सांभाळणारी चिप) बोर्ड भागवेल, यूट्यूबवर जो तो एक्स८७०ई सांगतोय. "काका, नक्की काय घेऊ?"

काका म्हणून विचारलंस, म्हणून मीही 'तू'च म्हणतो. आधी उत्तर. बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा, पूर्ण एटीएक्स आकाराचा बोर्ड घे. प्रोसेसर जिथे बसतो त्या सॉकेटच्या डावीकडे आणि वर, दोन्हीकडे जाड हीटसिंक (उष्णता ओढून घेणारे धातूचे ठोकळे) हवेत आणि मागच्या पट्टीवर बायोस फ्लॅशबॅकचं, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून बदलायचं, बटण हवं. ए६२० तुझ्या खोलीत नको. एक्स८७०ईवर खर्च करण्याजोगं तुझ्या कामात काही नाही, ते पैसे रॅमला लाव. आता कारणं सविस्तर सांगतो, कारण दुकानात गेल्यावर ठरवलेलं मॉडेल नसतं, दुसरंच काहीतरी पुढे केलं जातं, आणि तेव्हा तुझं तुलाच बघून ठरवावं लागेल.

तुझा प्रोसेसर एएम५ सॉकेटचा आहे. हे सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये रायझन ७००० मालिकेबरोबर आलं. त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते, त्यामुळे घरात जुनी डीडीआर४ पडलेली असेल तर तिचा विचार सोडून दे. एएमडीने हे सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू असं सांगितलं आहे. आधीच्या एएम४ वर २०१७ चे पहिले रायझनही बसले आणि २०२२ चा ५८००एक्स३डीसुद्धा बसला. माझ्याकडचे कितीतरी लोक बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलून पुढे गेले. म्हणजे बोर्ड हा या प्रोसेसरपेक्षा जास्त वर्षं टिकवायची वस्तू आहे. आज ९७००एक्सला काय पुरेल एवढंच पाहून तो घेतला, तर चार वर्षांनी सोळा कोअरचा प्रोसेसर बसवायची वेळ येईल तेव्हा बोर्डासकट सगळं उचकटावं लागेल.

चिपसेटच्या नावाचा बाऊ फार होतो. ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेन (माहिती ये-जा करायच्या वाटा) आणि पहिल्या एम.२ एसएसडीच्या, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या एसएसडीच्या, ४ लेन थेट प्रोसेसरमधून निघतात. चिपसेट प्रोसेसरकडून ४ लेन घेतो आणि त्यातून उरलेले यूएसबी, साटा (हार्ड डिस्कचे पोर्ट), लॅन, जास्तीचे एम.२ स्लॉट वाटून देतो. त्यामुळे तुझ्या व्हिडिओचा रेंडर, म्हणजे एडिट झाल्यावर पक्की फाइल बनणं, बी६५० वर जितक्या वेळात होईल, तितक्याच वेळात एक्स८७०ई वर होईल. ग्राफिक्स स्लॉट साध्या बी६५० वर पीसीआयई ४.० चा (हा आकडा लेनच्या वेगाची पिढी सांगतो) असतो, तोही तुला पुष्कळ. एक्स८७० वर यूएसबी४ सक्तीचं आहे, एक्स८७०ईवर एकाऐवजी दोन चिप असतात म्हणून पोर्ट जास्त मिळतात. एवढाच खरा फरक, बाकी दिखावा. बी६५० ऑक्टोबर २०२२ चा, बी८५० जानेवारी २०२५ चा, पण दोघांच्या आतली चिप एकाच घराण्यातली. दुकानात ज्याचा बोर्ड अंगाने चांगला असेल तो घे. फक्त बी८४० पासून सांभाळ. नाव ८५० च्या शेजारचं असलं तरी तो खालच्या दर्जाचा आहे, त्याच्या चिपसेटमधून निघणाऱ्या लेन पीसीआयई ३.० च्याच असतात. बिलावर आकडा नीट वाचून घे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो हे तुला मी सांगायला नको. दिवसभर तापलेल्या पटिया रात्री अकरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतात. यूट्यूबवर बोर्डांच्या ज्या चाचण्या होतात, त्या २२-२५ अंशांच्या खोलीत होतात. तिथे ज्या बोर्डाचा व्हीआरएम ८० अंशांवर थांबला, तो तुझ्या माडीवर शंभरी गाठणार. आपल्याकडे बोर्ड निवडताना सगळ्यात आधी व्हीआरएम पाहायचा, तो यासाठी.

व्हीआरएम म्हणजे बोर्डावरचा वीज उतरवणारा भाग. एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमधून) बोर्डाला १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात जेमतेम सव्वा व्होल्ट. ९७००एक्सवर ६५ वॉट लिहिलेलं असलं तरी तो सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत ओढतो. ८८ वॉट सव्वा व्होल्टला म्हणजे सत्तर अँपिअर झाले. घरातला दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, आणि इथे तळहाताएवढ्या पट्टीतून सत्तर जातात. अर्थात व्होल्टेज कमी आहे, पण करंट हा करंटच, आणि तापवतो तोच. याच प्रोसेसरला बायोसमधून १०५ वॉटचा मोडही देता येतो, मग तो १४२ वॉटपर्यंत जातो. उद्या ९९५०एक्स बसवलास तर २३० वॉट. साधारण दहा टक्के उष्णतेत गेले असं धर, तर वीसेक वॉट व्हीआरएममधल्या मॉस्फेटांवर, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या चिमुकल्या स्विचांवर, साचतात. सोल्डरिंग आयर्नएवढी ऊब होते ती.

हा भाग ओळखायचा कसा? सॉकेटच्या बाजूने राखाडी चौकोनी ठोकळे ओळीने दिसतात, ते चोक. साधारणपणे एक चोक म्हणजे एक फेज, वीज वाटून घेणारी एक शाखा. खोक्यावर '१२+२' किंवा '१४+२+१' असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा प्रोसेसरच्या कोअरसाठी. जितके फेज जास्त, तितका भार वाटला जातो आणि प्रत्येक भाग कमी तापतो. त्या चोकांशेजारी मॉस्फेट असतात आणि त्यांच्यावर हीटसिंक बसवलेला असतो. स्वस्त बोर्डांवर वरच्या ओळीचे मॉस्फेट उघडेच ठेवतात, किंवा पोकळ प्लास्टिकचं आवरण लावून हीटसिंक असल्याचा भास करतात. दुकानात बोर्ड उघडून हातात घे आणि नखाने टिचकी मार. धातूचा भरीव आवाज आला पाहिजे. उलटा करून बघ, हीटसिंक स्क्रूने आवळलेला हवा. प्लास्टिकच्या पिनांवर बसवलेला हीटसिंक दोन उन्हाळ्यांत सैल होतो, खालचं थर्मल पॅड कोरडं पडतं आणि मग तो हीटसिंक असून नसल्यासारखा.

हे मी ऐकीव सांगत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये जनकगंजातल्या एका लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या मुलाने बोलावलं. सोळा कोअरचा प्रोसेसर, वर लिक्विड कूलर, आणि बोर्ड मात्र सगळ्यात स्वस्तातला, कारण "स्पीड तर प्रोसेसरचा असतो" असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. रेंडर लावला की पहिली बारा-तेरा मिनिटं सुसाट, मग एकदम रांगायला लागायचा. प्रोसेसरचं तापमान सत्तरच्या आत, म्हणून त्याला कळेना. मी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला आणि इन्फ्रारेड थर्मामीटर चोकांवर धरला, तर १०९. बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग तोडत होता. एक ८० मिलिमीटरचा पंखा झिप टायने बांधून त्या भागावर रोखला, तर वीस अंश उतरले आणि रेंडर शेवटपर्यंत एका वेगाने गेला. पण तोवर वर्षभर त्या बोर्डाच्या कपॅसिटरांनी तो ताप सोसला होता. अशा कपॅसिटरांचा ढोबळ हिशोब असा की दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं. तो बोर्ड पुढच्या मार्चमध्ये गेला.

त्यावरून कूलरचंही ठरवून टाक. ९७००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही, तो वेगळा घ्यावाच लागतो. लिक्विड कूलर घेतलास तर त्याचे पंखे लांब, कॅबिनेटच्या छतापाशी किंवा पुढे असतात, सॉकेटभोवतीची हवा हलत नाही. १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर घे. त्याची हवा व्हीआरएमवरून जाते आणि तुझ्या प्रोसेसरला तो भरपूर पुरतो. मे-जूनमध्ये १०५ वॉटचा मोड लावू नकोस. डिसेंबर-जानेवारीत इथे हाडं गोठतात, तेव्हा खुशाल लाव. मात्र वेगात फार मोठा फरक पडेल अशी आशा ठेवू नकोस.

मग ए६२० वर हा प्रोसेसर चालणारच नाही का? चालेल. दुकानदार खोटं बोलत नाही. ए६२० चे बरेचसे बोर्ड ६५ वॉटच्या प्रोसेसरांना धरूनच बनवलेत, आणि तुझा ६५ वॉटचाच आहे. वातानुकूलित ऑफिसात टॅली आणि ब्राउझर चालवायचा असता तर मीही तोच दिला असता. तीन तासांची बैठक भर दुपारी रेंडर होणार आहे, आणि पुढे मोठा प्रोसेसर यायची शक्यता आहे, म्हणून मी नको म्हणतो.

बायोसची गोष्ट फार लोक विसरतात आणि मग "बोर्ड डेड आला" म्हणून दुकानात भांडतात. ९००० मालिका ऑगस्ट २०२४ ची, बी६५० त्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधीचा. गोदामात पडून असलेल्या बोर्डात जुना बायोस असेल तर तो तुझा प्रोसेसर ओळखणारच नाही. पंखे फिरतील, पडदा काळा. बी८५० चे बोर्ड नंतर आले, त्यांच्यात ही भानगड नाही. बी६५० घेतलास तर फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच घे. असूसवर त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणतात, गिगाबाइटवर क्यू-फ्लॅश प्लस, एमएसआयवर फ्लॅश बायोस बटण. प्रोसेसर आणि रॅम न बसवताही ते चालतं. कंपनीच्या साइटवरून तुझ्याच मॉडेलची फाइल उतरव, आवृत्ती क्रमांकासकट मॉडेलचं नाव जुळव, एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाक, पुस्तिकेत सांगितलेलं नाव फाइलला दे, खूण केलेल्या पोर्टातच लाव आणि बटण दाबून धर. दिवा लुकलुकायला लागतो, पाच-सात मिनिटांनी थांबतो. तेवढ्यात वीज गेली तर बायोस अर्धवट राहतो. बटण असलेल्या बोर्डावर तो पुन्हा भरता येतो, तरी हे काम यूपीएसवरच कर. आपल्याकडे दुपारची वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

रॅम दोनच काड्या घे, चार नकोत. हे नीट लक्षात ठेव, कारण दुकानदार "आता १६-१६ च्या दोन घ्या, पुढे आणखी दोन टाकू" असं हमखास म्हणतो. डीडीआर४ पर्यंत ते ठीक होतं. एएम५ वर चार काड्या लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो, दोन काड्यांना तो तुझ्या प्रोसेसरवर ५६०० आहे. तुझ्या कामाला ६४ जीबी लागणार असतील तर पहिल्याच दिवशी ३२-३२ च्या दोन घे. पैसे नसतील तर १६-१६ वर काम चालव आणि पुढे त्या विकून मोठ्या घे. खोक्यावर ६००० चा वेग आणि एक्स्पो (रॅमचा छापलेला वेग बायोसमधून लावायची एएमडीची सोय) हे नाव असलेली जोडी पाहा. काड्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसव. पहिल्या आणि तिसऱ्या खाचेत लावलेले कितीतरी कॉम्प्युटर माझ्याकडे "हँग होतो" म्हणून आलेत.

एसएसडीसाठी किमान दोन एम.२ खाचा हव्यात, एक विंडोजला आणि एक चालू कामाच्या फुटेजला. पुस्तिकेत एक ओळ शोधायची: कोणती खाच वापरली की काय बंद पडतं. काही बोर्डांवर एक एम.२ भरला की दोन साटा पोर्ट बंद होतात. काही महागड्या बोर्डांवर तर दुसरा एम.२ ग्राफिक्सच्या १६ लेनमधून ८ उचलतो. जुन्या बैठका तू हार्ड डिस्कवर साठवणारच, म्हणून साटा चार असू दे. सध्या ग्राफिक्स कार्ड नाही, तेव्हा मागे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट आहे ना ते बघ. प्रोसेसरमध्ये साधं ग्राफिक्स आहे, त्यावर वर्ष निघून जाईल.

तुझ्या घरी गाणं आहे, म्हणून आवाजाबद्दल थोडं जास्त लिहितो. तंबोऱ्याच्या जव्हारीखाली बारीक घुंऽऽ ऐकू येणं म्हणजे अख्खं रेकॉर्डिंग वाया. बोर्डावरच्या साउंड चिपच्या जाहिरातीला भुलून पैसे वाढवू नकोस. माइक तू यूएसबी ऑडिओ इंटरफेसमधूनच घेणार, तेव्हा बोर्डावरची साउंड चिप रेकॉर्डिंगच्या वाटेत येतच नाही. इंटरफेस मागच्या यूएसबी पोर्टात थेट लाव. हब नको आणि कॅबिनेटच्या पुढचा पोर्टही नको, तिथली लांब वायर आतला गोंगाट उचलते. म्हणून मागे यूएसबी भरपूर असलेला बोर्ड तुझ्या कामाचा, आठ तरी असू देत.

आणि अर्थिंग. आपल्या लष्करातल्या जुन्या घरांत तीन पिनांचा विजेचा बोर्ड भिंतीत असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला मनगटाची मागची बाजू लावलीस आणि झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग नाही असं समज. रेकॉर्डिंगमधली ती घुंऽऽ बहुतेक वेळा तिथूनच येते, आणि मदरबोर्डाचे पोर्टही त्यानेच जळतात. दौलतगंजातल्या एका शिकवणीवाल्या सरांकडे मी दोनदा लॅन पोर्ट जळालेला बोर्ड बदलला. तिसऱ्यांदा आधी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतलं. त्यानंतर आजवर काही झालं नाही. बोर्ड आणण्याआधी हे काम करून घे, खर्च बोर्डाच्या मानाने किरकोळ आहे.

नावं सांगायचीच तर असूसचा टफ गेमिंग बी६५०-प्लस वायफाय, १२+२ फेजचा, आणि एमएसआयचा मॅग बी६५० टॉमहॉक वायफाय, १४+२+१ फेजचा. दोन्हींचे हीटसिंक दमदार आहेत आणि दोन्हींवर फ्लॅशबॅकचं बटण आहे. भावात जो बसेल तो. ते न मिळाल्यास वर सांगितलेल्या खुणा पाहून दुसरा घे. मायक्रो एटीएक्समध्येही चांगले बोर्ड आहेत, पण तुला कॅबिनेट नवंच घ्यायचं आहे, तर पूर्ण एटीएक्सची मोकळी जागा तापाच्या दृष्टीने बरी.

तुझ्या भावाने इंटेल घेऊ का असंही विचारलंय, म्हणून दोन वाक्यं. १२ ते १४ पिढीला एलजीए१७०० सॉकेट लागतं, कोअर अल्ट्रा २०० ला एलजीए१८५१, आणि एकाचा बोर्ड दुसऱ्याला चालत नाही. १३-१४ पिढीचा मोठा प्रोसेसर घेतलाच तर आधी बायोस ताजा करायचा, कारण जास्त व्होल्टेजमुळे ते खराब होत होते आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडचा उपाय दिला. व्हीआरएमचं जे वर लिहिलं, ते तिथे दुप्पट लागू आहे.

घेताना बोर्ड दुकानातच उघडून सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण बघ. एएम५ मध्ये १७१८ पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात, केसाएवढ्या नाजूक. मोबाइलचा टॉर्च तिरपा धर आणि चारही बाजूंनी पाहा, सगळ्या पिना एकसारख्या चमकायला हव्यात. एखादी वेगळी चमकली की ती वाकलेली, बोर्ड परत कर. घरी नेल्यावर दिसलं तर वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. झाकण प्रोसेसर बसवताना आपोआप सुटतं, ते टाकू नकोस, खोक्यातच ठेव. वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते परत लावावं लागतं. पक्कं जीएसटी बिल घे, त्यावर सीरियल नंबर लिहून घे, आणि बिघडलं तर बोर्ड कुठे पाठवावा लागेल हे आधीच विचार.

सगळं जोडून पहिल्यांदा बटण दाबशील तेव्हा पडदा काळा राहील. घाबरून बंद करू नकोस. डीडीआर५ पहिल्या वेळी रॅमचं ट्रेनिंग करते, त्याला काही मिनिटं लागतात, आणि मध्ये मशीन एक-दोनदा आपोआप बंद-चालू होऊ शकतं. बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला छोटा दिवा पेटलेला दिसेल. पंधरा मिनिटं वाट बघ. त्यानंतरही काही आलं नाही तर एक काडी काढ, दुसरी दुसऱ्या खाचेत ठेवून पुन्हा लाव. बायोस उघडला की पहिल्या पानाचा फोटो काढून मला पाठव. एक्स्पो चालू करायच्या आधी रॅमचा वेग आणि बायोसची आवृत्ती मी एकदा बघतो.